स्वयंपाकघरात पॉइंट वाढवताना

आमची सोसायटी ठाण्यात चरईला आहे. तळमजला अधिक चार मजले, १९८०च्या दशकात बांधलेली. त्या वेळी स्वयंपाकघरात वीज लागायची ती दिवा, पंखा, मिक्सर आणि फ्रिज एवढ्यासाठीच. त्या हिशेबाने बिल्डरने ओट्यावर पाच अँपिअरचा एक आणि दाराजवळ फ्रिजसाठी पंधराचा एक पॉइंट दिला. पुढे मायक्रोवेव्ह आला, पाण्याचा फिल्टर आला, चिमणी बसली, इंडक्शन, किटली, मग मुलाने घेतलेला एअर फ्रायर. पॉइंट दोनच राहिले. फ्रिजच्या पॉइंटवरून निघालेलं एक्स्टेन्शन खिडकीच्या कडेने ओट्यापर्यंत यायचं आणि पंधराचा प्लग पाचात बसवणारा कन्व्हर्टर कायम कुठे ना कुठे अडकवलेला असायचा.

गेल्या गौरी-गणपतीत घर भरलेलं होतं. पुरणापासून वाटणापर्यंत सगळं मिक्सरवर सलग चाललं होतं. प्लग काढायला गेले तर पितळी पिनेचा चटका बसला. सॉकेटच्या भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं आणि गौरीजेवणाच्या दिवशी स्वयंपाकघरात जळक्या मासळीसारखा वास सुटला होता. गरम झालेलं बेकेलाइट असाच वास सोडतं, हे नंतर कळलं. गणपती उठले की आधी हे काम, असं त्याच दिवशी ठरवलं.

पहिला इलेक्ट्रिशियन येऊन बघून गेला. म्हणाला, याच बोर्डावरून लूप मारून संध्याकाळपर्यंत तीन पॉइंट वाढवून देतो. ऐकायला बरं वाटतं, खर्चही कमी. पण भिंतीतली वायर तीच राहणार आणि तीन भोकं वाढली म्हणून तिच्यावर तिप्पट ओझं टाकायची सोय होणार. एक्स्टेन्शनने जे होत होतं तेच भिंतीच्या आत, नजरेआड झालं असतं. मी नको म्हटलं.

मग मागच्या गल्लीतल्या इमारतीचं काम केलेले एक वायरमन आले. साठीच्या आसपासचे, परवाना असलेले, बरोबर हाताखाली एक मुलगा. त्यांनी बोर्डाकडे बघितलंच नाही. आधी विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे एका वेळी काय काय चालू असतं? अगदी सणाच्या दिवशी सांगा." हा प्रश्न विचारणारा माणूस मिळाला तर काम त्यालाच द्यावं, असं माझं मत झालं आहे.

कॅलेंडरच्या पानामागे यादी केली. प्रत्येक वस्तूच्या मागे किंवा तळाशी एक पट्टी असते, तिच्यावर वॉट लिहिलेले असतात. वॉटला २३० ने भागलं की अँपिअर निघतात. इंडक्शन २००० वॉट, म्हणजे जवळपास पावणेनऊ अँपिअर. किटली १५००, म्हणजे साडेसहा. एअर फ्रायर १४००, सहाच्या थोडं वर. मायक्रोवेव्हच्या दारावर ८०० लिहिलं होतं, पण ती अन्नाला मिळणारी ताकद. भिंतीतून तो घेतो १२००, ते मागच्या पट्टीवर होतं. मिक्सर ७५०. फ्रिज आणि फिल्टर चालू असताना फार घेत नाहीत, फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना तेवढा क्षणभर जास्त ओढतो. बेरीज तीस अँपिअरच्या वर गेली. ओट्यावरच्या जुन्या पॉइंटची ताकद पाच.

यादी बघून त्यांनी ओट्याचे दोन भाग केले. डावीकडे इंडक्शन आणि किटली, बेरीज पंधराच्या थोडी वर. उजवीकडे मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर आणि मिक्सर, बेरीज साडेचौदाच्या आसपास. दोन्हीकडे डीबीपासून, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीपासून, स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. फ्रिज, फिल्टर आणि चिमणी यांची तिसरी लाइन वेगळी. हे तिसरं मला फार पटलं. आपण घरात नसताना इतर कशाने एमसीबी पडला तरी फ्रिज बंद पडून दूध नासत नाही.

माझ्या मुलाने विचारलं, "काका, एमसीबी मोठाच टाका ना, ३२ चा. म्हणजे पडणारच नाही." ते शांतपणे म्हणाले, "बाळा, एमसीबी मिक्सरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर तापायच्या आधी तो पडला पाहिजे. ३२ चा टाकला तर तो पडणार नाही, वायर जळेल." वायर त्यांनी उजवीकडे आणि फ्रिजला अडीचची सांगितली, डावीकडे चारची. १६ च्या एमसीबीला अडीच चौरस मिलिमीटरचं तांबं पुरतं, पण इंडक्शनच्या जागी उद्या आणखी मोठं काही आलं तर भिंत पुन्हा फोडायला लागू नये म्हणून एका बाजूला चार.

सामान आणायला मी त्यांच्याबरोबर मुंबईला, लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात गेले. ठाण्यात सगळं मिळतं, पण वायर, एमसीबी आणि स्विच एकाच गल्लीत तुलना करून घ्यायचे तर तिथेच जावं. वायर घेताना काय बघायचं ते त्यांनी दुकानातच दाखवलं. आयएसआयची खूण आणि तिच्याबरोबर सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो फोनवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते समोर येतं. वायरीच्या अंगावरही ठरावीक अंतराने जाडी आणि आयएस ६९४ हा क्रमांक छापलेला असतो. पूर्ण गुंडाळी ९० मीटरची, आम्हाला तेवढी नको होती, म्हणून दुकानदाराने मीटरवर कापून दिली. लाल फेजला, काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थिंगला. पैसे वाचवायला तिन्हीला एकच रंग घेतात आणि टोकाला टेपचा तुकडा लावतात, ते आम्ही केलं नाही. वीस वर्षांनी जो बोर्ड उघडेल त्याला रंगावरूनच कळलं पाहिजे.

सोसायटीला अर्ज, सोबत हाताने काढलेला नकाशा, सेक्रेटरींची सही. तोडफोड सकाळी दहा ते एक आणि चार ते सहा. दुपारी खालच्या आजी झोपतात. दसऱ्यापर्यंत थांबलो, कारण पावसाळ्यात आमच्या भिंती ओल धरतात आणि त्यात खाच भरली तर ती सुकत नाही.

सॉकेटच्या जागा ठरवायला मात्र मी भरपूर वेळ घेतला आणि तो घेतलाच पाहिजे, असं प्रत्येकाला सांगेन. कागदावर नाही, ओट्यावर. प्रत्येक वस्तू जिथे वापरायची तिथे ठेवली, वायर कुठवर पोचते ते बघितलं, भिंतीवर पेन्सिलने चौकोन काढले आणि तसाच दोन दिवस स्वयंपाक केला. एक चौकोन शेगडीच्या मागे आला होता. तिथे प्लग लावायला पेटत्या बर्नरवरून हात न्यावा लागला असता, म्हणून पुसला. एक बेसिनच्या फार जवळ होता, तो दोन फूट सरकवला. किटलीचा पॉइंट कपाटाच्या खाली येत होता, वाफ थेट स्विचवर गेली असती. उंची ओट्यापासून दहा इंच ठेवली, म्हणजे ओटा धुताना पाणी उडत नाही आणि जड प्लगची वायर दुमडत नाही. फिल्टरचा पॉइंट फिल्टरच्या वरच्या बाजूला, कधी गळलाच तर पाणी सॉकेटवर पडायला नको. फ्रिजचा पॉइंट फ्रिजच्या मागे न घेता बाजूला, हात पोचेल असा. चिमणीचं सॉकेट वर कपाटाआड आणि तिचा स्विच खाली.

ज्या सकाळी काम सुरू झालं त्या सकाळी त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मेन बंद करून चिनीमातीचे फ्यूज काढले आणि शर्टाच्या खिशात टाकले. "खिशात असले की कुणी चुकून लावत नाही," एवढंच म्हणाले. मग जुना बोर्ड उघडला.

सनमायकाची पाटी बाहेर आली तशी मागची लाकडी पेटी दिसली. आत झुरळांची अंडी, पीठ आणि तेलकट धूळ यांचा थर. वायर ॲल्युमिनियमची, एकाच जाड तारेची. जोडांवर गुंडाळलेली काळी टेप चिकट डिंकासारखी झाली होती, बोटाने ओढली तर सोलून आली. मिक्सरच्या सॉकेटचा फेजचा स्क्रू काळा पडला होता आणि त्याच्याजवळ वायरीवरचं प्लास्टिक कडक होऊन तडकलं होतं. त्यांनी ती तार पकडीने जरा वाकवली तर मोडून हातात आली. मला जवळ बोलावून दाखवलं. ॲल्युमिनियम स्क्रूखाली दाबून राहिलं की हळूहळू पसरतं, स्क्रू आपोआप सैल होतो. शिवाय त्याच्यावर हवेने एक थर येतो तो वीज नीट जाऊ देत नाही. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. मिक्सरची पिन तापत होती ती मिक्सरमुळे नव्हे, या स्क्रूमुळे. याच वायरीवरून तीन लूप निघणार होते.

पुढचा प्रश्न टाइल्सचा. आमच्या पांढऱ्या टाइल्स आता कुठेच मिळत नाहीत. एक फुटली तर सगळी भिंत नवी करायची. वायरमन बेडरूममध्ये गेले. ओट्याची भिंत बेडरूमच्या बाजूने नुसत्या प्लास्टरची आहे. म्हणाले, खाच इकडून मारू, ओट्याच्या बाजूला फक्त पेट्यांची भोकं पाडू. डीबीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा पाइप माळ्यावरून उघडाच नेला, तिथे कुणाला दिसत नाही. माळ्यापासून खाली बेडरूमच्या भिंतीत उभ्या खाचा. आडवी खाच त्यांनी टाळली, कारण भिंत विटेची, जेमतेम साडेचार इंचांची. आडवी खोल खाच अशा भिंतीला कमकुवत करते. कटर लावायच्या आधी ते हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत गेले. एका जागी आवाज बदलला, घट्ट आणि बारीक झाला. तिथे कॉलम होता. पेन्सिलची रेघ तिथून एक फूट सरकवली. कॉलम आणि बीमला कटर लावायचा नाही, एका पॉइंटसाठी खालच्या-वरच्या सगळ्यांच्या घराला धोका कशाला.

टाइलवर रंगाऱ्यांची कागदी टेप लावून वर माप आखलं, कटरने चारी बाजू हळूहळू कापल्या, मग छिन्नीने आतला तुकडा काढला. त्यांच्या हाताखालचा मुलगा सतत ओला स्पंज धरून उभा होता. तरी धूळ उडालीच. दारांना प्लास्टिक लावलं होतं, डबे बाहेर काढले होते, तोंडाला मास्क होते, आणि तरीही ती पांढरी पूड कपाटाच्या आत सापडत राहिली. एकही टाइल फुटली नाही.

खाचेत पीव्हीसी पाइप बसवून पेट्या लावल्यावर त्यांनी मला भिंतीचे फोटो काढायला लावले, शेजारी मोजपट्टी धरून. उद्या खिळा ठोकायचा तर पाइप कुठे आहे ते कळायला हवं. मग खाचेवर कोंबडीजाळी मारून सिमेंट भरलं. जाळी नसेल तर खाचेच्या रेघेवर हमखास तडा जातो. त्या भरावावर पाणी मारायचं काम सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं आणि तुळशीला घालतात तसं नियमाने केलं.

जुना लोखंडी मेन स्विच आणि फ्यूज गेले. त्यांच्या जागी नवा डीबी आला, त्यात एमसीबी आणि सगळ्या घरासाठी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी. फेजमधून जेवढा करंट घरात जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे, हे ती सतत तपासत असते. मधेच थोडा जरी दुसऱ्या वाटेने गेला, म्हणजे कुणाच्या अंगातून किंवा ओल्या भिंतीतून, तर ती तत्क्षणी पडते. एमसीबी वायरीला वाचवतो, ही माणसाला. स्वयंपाकघरात ओल्या हाताने वावरणाऱ्या बाईच्या घरात ती नसणं मला आता कल्पनाही करवत नाही.

त्या दिवशी सगळं सुरू करून ते घरी गेले. तिन्हीसांजेला सासूबाईंनी देवाजवळ दिवा लावला, गॅलरीतली ट्यूब लावली आणि पूर्ण घर अंधारलं. आरसीसीबी उचलली, घर उजळलं. गॅलरीची ट्यूब लावली, पुन्हा अंधार. फोन केला तर म्हणाले, "आरसीसीबीला हात लावू नका, बायपास तर अजिबात कुणाला करू देऊ नका. ती काहीतरी सांगते आहे. गॅलरीचा दिवा बंद ठेवा, मी सकाळी येतो."

सकाळी त्यांनी गॅलरीचा होल्डर उघडला. आत लाल वायर आणि हिरवी वायर. काळी नव्हतीच. कधीतरी त्या पॉइंटचा न्यूट्रल भिंतीत तुटला असावा आणि दुरुस्तीला आलेल्या कुणीतरी भिंत न फोडता अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून जोडून दिली होती. ट्यूब लागत होती, म्हणून कुणाला कळलं नाही. म्हणजे किती वर्षं कोण जाणे, त्या ट्यूबचा करंट अर्थिंगमधून जात होता. फ्रिजचं लोखंडी अंग जिला जोडलेलं आहे तीच ही हिरवी वायर. त्यांनी मग डीबीपाशी टेस्टिंगचा बल्ब लावून दाखवला. फेज-न्यूट्रलला लख्ख, फेज-अर्थला मिणमिणता. इमारतीच्या अर्थिंगचा खड्डा सुकून निकामी झाला होता. करंटला जमिनीत जायला धड वाट नाही, म्हणून तो अर्थिंगच्या वायरीवर तुंबायचा आणि फ्रिजच्या अंगावर यायचा.

हे ऐकताना सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या कित्येक वर्षं सांगत होत्या की संध्याकाळी फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. फ्रिज उघडताना त्या न चुकता पायात रबरी चप्पल घालायच्या. फ्रिजवाला दोनदा येऊन फ्रिज ठीक आहे सांगून गेला होता, आणि तो खरंच ठीक होता. झिणझिण्या संध्याकाळीच का, याचं उत्तर गॅलरीत होतं. "मी म्हणत होते ना," एवढंच त्या म्हणाल्या. वायरमन त्यांना म्हणाले, "आजी, तुमच्या चपलेनेच तुम्हाला सांभाळलं."

गॅलरीला न्यूट्रलची नवी वायर केसिंग पट्टीतून नेली. अर्थिंगच्या खड्ड्याचा विषय सोसायटीच्या बैठकीत मांडला. हा खर्च सगळ्यांचा आहे आणि धोकाही. दोघा-तिघांकडे गीझरच्या नळाला झिणझिण्या येत होत्या असं तिथेच बाहेर आलं. खड्डा नव्याने करून घेतला, आणि त्यानंतर आमच्याकडे तोच बल्ब फेज-अर्थला लख्ख लागला.

दरम्यान वीजबिल काढून बघितलं. बिलावर मंजूर भार छापलेला असतो, आमचा अजून जुन्या काळातला होता. महावितरणच्या संकेतस्थळावर भार वाढवायचा अर्ज केला, त्याला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडला. मीटरला आणि त्याच्या सीलला आमच्या वायरमननी बोटही लावलं नाही, ते काम महावितरणच्या माणसांचं. मीटरपासून घरापर्यंतची जुनी वायर मात्र आपली असते, ती तांब्याची आणि जाड करून घेतली. ती तशीच ठेवली असती तर आतली सगळी नवी वायर त्या एका बारीक वाटेवर अवलंबून राहिली असती.

शेवटच्या दिवशी त्यांनी मेगरने, म्हणजे वायरीवरचं आवरण कुठे गळत नाही ना ते बघायच्या यंत्राने, नव्या लाइनी तपासल्या. मग प्रत्येक सॉकेटमध्ये फेज उजव्या भोकात आहे ना, अर्थ वरच्या मोठ्या भोकात पोचते ना, ते बघितलं. आणि मला म्हणाले, आता सणाचा दिवस करा. मी इंडक्शनवर पाणी ठेवलं, किटली लावली, मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर, मिक्सरमध्ये भिजवलेली डाळ. त्यांनी डीबी उघडून एकेका वायरीभोवती टाँग टेस्टर, म्हणजे करंट मोजायचा चिमटा, अडकवला. डावीकडे पंधरा, उजवीकडे चौदाच्या जवळ. कॅलेंडरच्या पानावरचे आकडे यंत्रावर तसेच दिसले तेव्हा मला फार आनंद झाला. नंतर त्यांनी माझा हात एकेका सॉकेटच्या पाटीवर ठेवायला लावला. सगळ्या गार होत्या.

डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला कुठला एमसीबी कशाचा ते माझ्या मुलाने मराठीत लिहून चिकटवलं आहे, सासूबाईंना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबायचं काम त्यांनी संकष्टीला जोडून घेतलं आहे. हॉल आणि बेडरूममध्ये अजून जुनी ॲल्युमिनियमचीच वायर आहे. तिचं माप वायरमन घेऊन गेले आहेत. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत ती बदलायची, असं ठरलं आहे.